माझ्या पोटातला मैदा

मी एक जुनी भट्टी आहे. मित्रांनो, भिलाईत 'भट्टी' म्हटलं की तुमच्या माना लगेच वर होतात आणि तुम्ही आकाशात धूर शोधायला लागता. तिकडे बघू नका. ती लोखंड वितळवणारी, हार घातलेली, फोटोत येणारी भट्टी वेगळी. मी कपड्यांच्या पेटीएवढी आहे. खाली बघा. अजून खाली. भिलाईला लागून असलेल्या मरोद्यातल्या या शेडमध्ये सायकलच्या टायरांमागे जिच्यात कोणीतरी कांदे भरून ठेवले आहेत, ती मी.

कांद्यांबद्दल माझी फारशी तक्रार नाही. माझ्या पोटात लोकांनी आजवर जे जे घातलं, त्यात कांदा बराच सभ्य म्हणायचा. पण ते क्रमानेच सांगते, नाहीतर तुम्ही मध्येच प्रश्न विचाराल आणि मी आधीच वैतागलेली आहे.

माझा जन्म कलकत्त्याकडच्या एका कारखान्यात झाला. बाहेरून लोखंडी पत्रा, आतून भाजलेल्या पांढऱ्या विटा आणि विटांच्या खाचांमध्ये तारेची वेटोळी. वीज सोडली की तार लाल होते आणि माझं पोट तापतं. पुढे जाड दार आणि त्याला कडी. दाराच्या मधोमध बोराएवढं भोक आहे आणि त्या भोकाला मातीचं बूच आहे. आतलं बघायचं असेल तर बूच काढायचं, एक डोळा लावायचा आणि बूच परत बसवायचं. दार उघडायचं नाही. त्यासाठीच तर ते भोक दिलेलं आहे! एवढी साधी गोष्ट समजायला शहाणपण लागत नाही असं मला वाटायचं. तेव्हा मी नवी होते.

पोलाद कारखाना उभा राहत होता त्या दिवसांत मालगाडीतून मला शेजारच्या दुर्गला उतरवलं आणि तिथून ट्रकमधून इकडे आणलं. जिकडे बघावं तिकडे खणलेली लाल माती आणि अर्धे बांधलेले क्वार्टर. एका पत्र्याच्या प्रयोगशाळेत मला ठेवलं. विटा, वाळू, दगड असलं काहीबाही तापवून तपासायचं काम माझ्याकडे होतं. तिथली माणसं कमी बोलायची. सकाळी आत काहीतरी ठेवायची, दार लावायची, तापवायची, बंद करायची आणि थेट दुसऱ्या दिवशी येऊन उघडायची. किती कंटाळवाणी माणसं आहेत, असं मला तेव्हा वाटे. आज त्यांची आठवण आली की मला भरून येतं.

पुढे मोठी प्रयोगशाळा झाली, नव्या भट्ट्या आल्या आणि मला जिन्याखाली ढकललं. तिथे मी केरसुण्यांच्या संगतीत पडून होते. एके दिवशी कारखाना उभारायला आलेल्या एका रशियन इंजिनिअरची बायको नवऱ्याला भेटायला आली आणि जिन्याखाली वाकून माझ्याकडे बघू लागली. तिने माझं दार उघडलं, आत हात फिरवला, बूच काढून भोकातून पाहिलं. मित्रांनो, ते भोक कशासाठी आहे हे न सांगता ओळखणारं पहिलं माणूस मला तिथे भेटलं.

तिचं नाव लिदिया. सेक्टरातल्या, म्हणजे कारखान्याच्या वसाहतीतल्या बायांनी तिची लीलाबाई केली. तिला आपल्या देशात काचकाम येत होतं आणि इथे नवरा दिवसभर कारखान्यात, त्यामुळे तिचे हात शिवशिवत होते. महिला मंडळाने एका रिकाम्या क्वार्टरची पुढची खोली दिली, मला तिथे नेलं आणि काचेच्या शोभेच्या वस्तू शिकवण्याचा वर्ग सुरू झाला. युक्ती सोपी आहे. खिडक्यांना काचा बसवताना कापून उरलेले तुकडे इथे हवे तेवढे मिळत होते. तसा एक सपाट तुकडा खाली घ्यायचा. त्यावर बांगड्यांचे आणि रंगीत बाटल्यांचे तुकडे नक्षीत मांडायचे. मग सगळं माझ्या पोटात. पुरेशी तापली की काच मऊ होते, वरचे तुकडे खालच्या काचेत बसतात आणि एक अखंड रंगीत थाळी तयार होते. बांगड्यांचे तुकडे प्रत्येकीच्या घरी होतेच. फक्त त्या 'फुटल्या' म्हणायचं नाही, 'वाढल्या' म्हणायचं. लीलाबाईला हे कोणी समजावून सांगितलं नाही आणि ती 'फूटा, फूटा' म्हणत टोपली पुढे करायची, तेव्हा बाया कानांवर हात ठेवायच्या.

लीलाबाईला मराठी येत नव्हतं. बाजारातलं चार शब्दांचं हिंदी यायचं, नमस्ते, अच्छा, लेना, फूटा, असलं. बाकी सगळं हातवाऱ्यांनी. विटेच्या लादीवर ती आधी एक पांढरी पूड पसरायची, वर काच ठेवायची, लादी माझ्या पोटात सरकवायची. शेवटी माझी वीज बंद केली की दारासमोर खुर्ची टाकून बसायची, तळहात हवेत खाली खाली न्यायची आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायची. कोणी दाराकडे हात नेला की त्या हातावर चापट. उन्हाळा लागला, तिच्या नवऱ्याचं काम संपलं आणि ती मायदेशी निघून गेली. पांढऱ्या पुडीचा डबाही रिकामा झाला होता.

आता वर्ग सिंधुताईंकडे आला. त्यांचे यजमान प्रयोगशाळेत कारकून. सिंधुताई नागपूरच्या, मॅट्रिक झालेल्या आणि स्वभावाने गरीब. लीलाबाई काय काय करायची ते त्यांनी मन लावून पाहिलं होतं. पण तो शब्द?

"काय म्हने वं लीलाबाई, दारापाशी बसून?" सिंधुताईंनी विचारलं.

"मैदा लेना," वर्गातली गिरजाबाई ताबडतोब म्हणाली. "मी सोताच्या कानानं आयकलं. बजारात आलू लेना म्हने, तसंच."

"हाव, बराबर हाय," सिंधुताईंचा चेहरा उजळला. "म्हनूनच थे पांढरं टाके खाली. पोळपाटावर पीठ टाकतो आपन, तसं. चिकटू नये म्हनून."

मैदा! मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या दिवशी ओरडले असते. ती पूड मैद्याची नव्हती, ती एका पांढऱ्या मातीची होती आणि तो शब्द पुडीबद्दल नव्हताच. पण माझ्याकडे तोंड म्हणून जे आहे ते दार आणि दार काही बोलत नाही. गिरजाबाईने घरून वाटीभर मैदा आणला आणि लादीवर ऐसपैस पसरला. मी तापले. मैदा आधी पिवळा झाला, मग काळा, मग त्याचा असा धूर सुटला की शेजारच्या क्वार्टरातून हाक आली, "कोनाची पोळी जळून राहिली वं?"

धूर झाला म्हणून त्यांनी माझं दार उघडलं. बाहेरची गार हवा आत आली आणि काच तडकली. आता एवढ्यावर थांबावं की नाही? पुढच्या वेळी गिरजाबाई म्हणाली की मैदा कमी पडला असेल.

बरं, धुरासाठी उघडत होत्या ते एक वेळ समजू शकते. पण धूर नसतानाही उघडायच्या. काच लाल झाली का बघायला उघडायच्या, बांगडी बसली का बघायला उघडायच्या, माझी वीज बंद केल्यावर गार झाली का बघायला उघडायच्या. भाताचं शीत दाबून बघतात, तशी माझी तपासणी चालायची. गरम काचेला एकदम गार वारा लागला की ती तडकते. तिला तापायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ निवायला द्यावा लागतो. आणि त्या बोराएवढ्या भोकातून कोण बघत होतं? कोणी नाही. त्याच्या बुचावर एकीने पिशवी अडकवायला सुरुवात केली.

या वर्गात पंचफुला होती. तिचा नवरा देवाजी कारखान्यात खलासी होता, म्हणजे मोठमोठी यंत्रं क्रेनला बांधून जागेवर उतरवणाऱ्या टोळीत. त्यांचं गाव गोंदियाकडे. गावच्या घराला खिडकीच नव्हती असं ती काच कापता कापता सांगायची. इथे क्वार्टर मिळालं आणि दारावर रोशनदान, म्हणजे उजेडासाठीची छोटी खिडकी आली. सकाळी त्यातून ऊन थेट समोरच्या भिंतीवर येई. त्या रोशनदानाला निळी काच बसवायची, भिंतीवर निळं ऊन पाडायचं, एवढ्यासाठी ती वर्गाला येत होती. दवाखान्यातून औषधाच्या रिकाम्या निळ्या बाटल्या मागून आणून, फोडून, तुकडे धुऊन पुसून तिने बिस्किटांच्या डब्यात ठेवले होते. तिची पाळी आली की ते लावायचे होते.

पंचफुलाचा हात स्थिर होता. मांडलेली नक्षी जराही न हलवता ती लादी माझ्या पोटात सरकवायची. म्हणून सगळ्यांच्या वस्तू तीच लावायची आणि कोणाची काही तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती ठकूबाईपासून.

ठकूबाई भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातली. नवरा फिटर. तिला हळदीकुंकवासाठी थाळी करायची होती, लाल हिरव्या बांगड्यांची. थाळी तडकली. पुन्हा केली, पुन्हा तडकली. तिसऱ्या वेळी मधोमध सरळ दोन तुकडे झाले, तेव्हा ठकूबाईने कंबरेवर हात ठेवला.

"लावली कोनं होती?"

कोणी लावली होती ते सगळ्यांना माहीत होतं.

"मी लावली," पंचफुला म्हणाली.

"मंग बराबर हाय. आता मी काही म्हनत नाही. पन ज्याचा त्याचा हात असते बाई. हळदीकुंकवाची थाळी व्हय थे."

ठकूबाईने जात हा शब्द काढला नाही. ती फक्त हात म्हणाली. पण खोलीतल्या प्रत्येकीला कळलं आणि पंचफुलाला तर सगळ्यांच्या आधी. काही वर्षांपूर्वी तिच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. गावातलं वेगळं पाणी आणि वेगळं बसणं मागे टाकून ती माणसं इथे आली होती. आणि इथे, जिथे सगळ्यांचे क्वार्टर एकाच मापाचे आणि सगळ्यांच्या नळाला एकाच टाकीचं पाणी, तिथे पुन्हा तेच. माझा असा संताप झाला की वीज बंद असतानाही तार लाल व्हावी. कारण ठकूबाई, त्या दिवशी माझं दार किती वेळा उघडलंस तू? मी मोजायचंसुद्धा सोडून दिलं होतं!

"काच हाय थे बाई," पंचफुला म्हणाली. "तिले काय समजते, कोनाचा हात हाय?"

तिचा आवाज शांत होता. सगळ्या सिंधुताईंकडे बघायला लागल्या. सिंधुताईंनी एक वाक्य बोलायचं होतं, एकच. त्या खाली बघत टेबलावरचा मैदा पुसू लागल्या.

"पंचफुला, काही दिवस तू काच कापत जाय. लावाचं मी पाह्यतो."

मित्रांनो, खरं सांगते, ठकूबाईपेक्षा मला सिंधुताईंचा राग जास्त आला. ठकूबाईला निदान आपण काय करतोय ते कळत नव्हतं. सिंधुताईंना कळत होतं.

पंचफुला उठून गेली नाही. ती दाराजवळ फरशीवर बसून काच कापत राहिली. गिरजाबाईने तिला हळूच म्हटलं, "कायले बसतं वं इथं? जाय ना घरी." तेव्हा ती म्हणाली, "मी घरी बसलो त ह्या म्हनतीन, पाहा, पंचफुला गेली अन् काच बराबर निंगाली. मी इथंच बसतो." बिस्किटांचा डबा तिच्या मांडीजवळ असायचा. निळ्या काचेची पाळी काही येत नव्हती.

आता तुम्हाला वाटेल, पंचफुलाचा हात नसताना काच तडकली की ठकूबाईला कळेल. मलाही तसंच वाटलं होतं! सिंधुताईंनी लावली, काच तडकली. ठकूबाईने स्वतः लावली, काच तडकली. मी मनात म्हटलं, आता तरी? तर ठकूबाई म्हणाली, "कापली त तिनंच ना." अशा माणसांपुढे भट्टीने काय करावं?

होता होता महिला मंडळ कंटाळलं. खोलीभर काजळी, टोपलीभर तुटक्या थाळ्या आणि भिंतीवर टांगण्याजोगी एकही वस्तू नाही. मंडळाने ठरवलं की काचेचा वर्ग बंद करायचा, खोली शिवणाच्या वर्गाला द्यायची आणि मला भंगाराच्या गोदामात पाठवायचं. निरोप कारखान्यात गेला आणि मला न्यायला खलाशांची टोळी आली. टोळीत देवाजी होता.

त्या दिवशी वर्गाला सगळ्या आल्या होत्या. काम नव्हतं, पण भट्टी जाते ती बघायला कोणाला नको असतं. पंचफुला आपला डबा मांडीवर घेऊन बसली होती. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि माझ्या पोटाखालून दोर घातला. घरी तिने त्याला काय सांगितलं होतं मला माहीत नाही. पण दोर आवळताना त्याने दात असे चावले होते की माझाच पत्रा चेपेल असं मला वाटलं.

क्वार्टरच्या ओट्याला पायऱ्या होत्या. मी दिसते त्याहून जड आहे. पुढच्या दोघांनी मला उचललं, देवाजीने मागून दोर धरला आणि पहिल्या पायरीवर मी एका बाजूला कलले. तसा देवाजी ओरडला,

"मेद्लेन्ना! अबे, मेद्लेन्ना, मेद्लेन्ना!"

तळहात हवेत खाली खाली नेत. अगदी लीलाबाईसारखा.

सिंधुताई आतून धावत आल्या. "काय म्हनलं तुमी?"

"काही नाही ताई. पोट्ट्यायले सांगून राहिलो."

"थेच इचारतो. काय सांगतलं?"

"मेद्लेन्ना. म्हंजे हळू, दमानं. रशियन सायब दिवसभर हेच वरडते ना, क्रेन खाली घेताखेपी. आता आमच्या बी तोंडात बसलं. गँगमधे कोनालेबी इचारा."

"मैदा लेना नाही?"

देवाजीने दोर तसाच धरून ठेवला. "मैदा? मैद्याचं काय काम, ताई?"

मी अर्ध्या पायरीवर तिरपी लटकत होते आणि कोणालाही माझी पर्वा नव्हती. आधी पंचफुला हसली. मोठ्याने, डोक्यावरचा पदर घसरेपर्यंत. मग गिरजाबाई हसली आणि लगेच गप्प झाली, कारण मैदा तिच्या घरचा होता. सिंधुताई तिथेच ओट्यावर बसल्या. त्यांनी आपला तळहात उचलला, हवेत खाली खाली नेला आणि स्वतःशीच म्हणाल्या, "हळू. हळू निवू द्या म्हने थे. दार नका उघडू म्हने."

हो! हो! हेच! मला इतके महिने हेच सांगायचं होतं!

"मले त घेऊन जाचा हुकूम हाय," देवाजी म्हणाला.

"आजच न्या असं थोडी हाय," सिंधुताई उठल्या. "एक डाव लावू द्या. एकच."

देवाजीने मला ओट्याला टेकवून धरलं. "आज गाडी नाही भेटली, असं सांगतो. सोमवारी येतो. मंग मातर नेनं भाग हाय." आणि त्यांनी मला परत वर चढवलं. चढवतानाही तोच शब्द.

पांढऱ्या पुडीचा प्रश्न उरला होता. तो गिरजाबाईनेच सोडवला, बहुतेक मैद्याची भरपाई म्हणून. मरोद्यातल्या बाया भिंती पोतारायला छुई वापरतात, ती पांढरी माती. तिचा गोळा आणून, पाण्यात कालवून तिने लादीवर लावली आणि वाळवली. मी इतकी खूश झाले की काय सांगू. मैद्यानंतर ती माती म्हणजे मला अंगाला उटणं लावल्यासारखी वाटली.

लादीवर एकाच वस्तूला जागा होती. ठकूबाई आपली थाळी मांडून पुढे आली.

"पंचफुलाची लावू," सिंधुताई म्हणाल्या.

"तडकली त मंग?"

"तडकली त माया हात म्हना," सिंधुताई म्हणाल्या. या वेळी त्या ठकूबाईच्या तोंडाकडे बघत होत्या. हेच वाक्य त्या दिवशी बोलल्या असत्या तर किती काजळी वाचली असती! पण बोलल्या, हेही खरं.

पंचफुलाने डबा उघडला. खिडकीच्या काचेचा लांबट तुकडा खाली, त्यावर निळे तुकडे, कडेला फिकट, मध्ये गडद. एकही तुकडा न हलवता तिने लादी माझ्या पोटात सरकवली आणि कडी घातली. मी तापले. धूर नाही, वास नाही. तिने बुचावरची पिशवी काढून बाजूला ठेवली, बूच उपसलं आणि भोकाला डोळा लावला. मित्रांनो, लीलाबाई गेल्यापासून त्या भोकाला कोणाचा डोळा लागला नव्हता. मग तिने बूच परत बसवलं. दुपारी वीज बंद केली आणि ती दारासमोर पाट टाकून तांदूळ निवडत बसली.

संध्याकाळी ठकूबाई आली. "जरासाक पाहू दे ना वं. फट पाडून पाह्यतो फक्त."

"नाही."

"आता गार झाली असन ना!"

"नाही झाली. सकाळी या, ठकूबाई."

"भट्टी का तुया बापाची व्हय?"

पंचफुला तांदळातला खडा बाजूला टाकत म्हणाली, "नाही. पन हात माया लागला हाय. तडकली त माया हाताचं नाव व्हते. म्हनून दार मायं." ठकूबाई उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली आणि शेवटी गेली. त्या रात्री मी हळूहळू निवत गेले. माझ्या पोटात काचेचा एकदाही आवाज झाला नाही. तडकताना ती टच्च असा आवाज करते आणि तो आवाज मी इतक्या वेळा ऐकला होता की शांतता मला खरी वाटेना.

सकाळी सगळ्या जमल्या आणि पंचफुलाने कडी काढली. काच अखंड होती. निळे तुकडे खालच्या काचेत बसून एक झाले होते, कडेला गोलाई आली होती. तिने ती दोन्ही हातांनी उचलली आणि दारातल्या उन्हात धरली. समोरच्या काजळलेल्या भिंतीवर निळं ऊन पडलं. तिने काच लुगड्याच्या पदराने पुसली, जरी ती पुसण्याची गरज नव्हती. मला फार बरं वाटलं. माझ्या सगळ्या आयुष्यात एवढं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण मला शेवट दुसरीकडे करायचा आहे. निळी काच पाहून मंडळाने हुकूम मागे घेतला आणि सोमवारी देवाजीची गाडी रिकामी परत गेली. वर्ग चालला. सेक्टरातल्या कितीतरी घरांत माझ्या पोटातल्या थाळ्या आणि तबकड्या गेल्या. बाहेरून पाहुणे आले की त्यांना ते काम दाखवायचे आणि भट्टीलाही वाहवा मिळायची. मग सिंधुताईंच्या यजमानांची बदली झाली, वर्ग मोडला, माझ्या तारा जळाल्या आणि नवी तार कोणी घातली नाही. मला इकडे आणलं आणि पुढे काय झालं ते तुम्ही बघताच आहात. आता परत त्या सकाळी चला.

पंचफुला आपली काच जुन्या लुगड्यात गुंडाळत होती. ठकूबाई थाळीची मांडामांड करून उभी होती. लाल, हिरवी नक्षी तयार होती.

"आता मायी लाव," ठकूबाई म्हणाली.

"तुमीच लावा," पंचफुला म्हणाली. "माया हातानं तडकते ना."

ठकूबाईने लादी उचलली. तिचा हात हलला आणि बांगड्यांचे चार तुकडे खाली घसरले. तिने ते गोळा केले, परत मांडले, परत उचलली, परत घसरले. तिने लादी टेबलावर ठेवली.

"लाव ना बाई. किती तानतं!"

"लावतो. पन पहिले म्हना."

"काय म्हनू?"

"थाळी दार उघडल्यानं तडकली. पंचफुलाच्या हातानं नाही."

ठकूबाईने सिंधुताईंकडे पाहिलं. सिंधुताईंनी मान खाली घातली नाही. ठकूबाईने गिरजाबाईकडे पाहिलं, तर गिरजाबाई खिडकीबाहेर काहीतरी शोधत होती.

"दार उघडल्यानं तडकली," ठकूबाई पुटपुटली.

"अन्?"

"अन् काय? तुया हातानं नाही."

"नाव घेऊन म्हना. तवा सगळ्यायच्या समोर म्हनलं होतं."

ठकूबाईचं तोंड लाल झालं होतं. मला वाटलं आता ती थाळी उचलून निघून जाईल.

"पंचफुलाच्या हातानं नाही," ठकूबाई म्हणाली. या वेळी ते शेजारच्या क्वार्टरातही ऐकू गेलं असेल.

पंचफुलाने लादी उचलली, एकही तुकडा न हलवता माझ्या पोटात सरकवली आणि कडी घातली.

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत, खेळात उद्या काहीतरी तडकणार आहे. तेव्हा कोणाचा हात लागला हे विचारण्याआधी आपला हात कुठे होता ते आठवा. आणि एखाद्याला सगळ्यांसमोर चुकीचं बोलून बसलात, तर ते परत घेतानाही सगळ्यांसमोर घ्या, त्याचं नाव घेऊन आणि मोठ्याने. पुटपुटलेलं पंचफुलाला चाललं नाही. मलाही चालणार नाही.